आईला एकटीलाच राहायचंय, पण रात्रीच्या बाथरूमची भीती वाटते

मधली लेक
आई ७८ वर्षांची. बाबा गेल्यापासून एकटी राहते आणि तिला तसंच राहायचंय. गेल्या महिन्यात रात्री अडीचला बाथरूमला गेली, तोल जायला लागला म्हणून टॉवेलचा दांडा धरला, तर दांडा स्क्रूसकट उपटून हातात आला. मनगटाला मुका मार, एवढ्यावर निभावलं. हे मला कळलं आठ दिवसांनी, तेही "दांडा कुठे गेला?" असं मी विचारलं म्हणून! मी लगेच कॅमेरा, वॉकर, कमोडची खुर्ची अशी यादी करून दिली. तिने ती वाचली, घडी घातली आणि म्हणाली, "घराचा दवाखाना करू नकोस." तेव्हापासून फोनवर फक्त हवापाण्याच्या गप्पा. रक्तदाबाची गोळी रोज घेते, झोपेची अधूनमधून. सुरुवात कुठून करू?

गुडघेदुरुस्ती
मी फिजिओथेरपिस्ट आहे. यादी तूर्त राहू द्या. रात्री आईंसोबत पलंगापासून बाथरूमपर्यंत चाला. दिवे त्या नेहमी लावतात तेवढेच. त्यांचा हात आपसूक कुठे कुठे जातो ते बघा; आधाराचे दांडे तिथे हवेत. टॉवेलचा दांडा माणसाचं वजन पेलायला केलेलाच नसतो. रबरी कपाने भिंतीच्या टाइलला चिकटवायचे दांडेही नकोत, ते कधी सुटतील याचा नेम नसतो. भिंतीत पक्के बसवून घ्या. साठीच्या माणसाच्या डोळ्यात विशीतल्याच्या मानाने साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो, म्हणून वाटेवर जमिनीलगत मंद दिवे लावा, चाहूल लागली की लागणारे.

आणि रक्तदाब मोजा. पाच मिनिटं आडवं राहून एकदा, मग उभं राहिल्यावर पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. झोपेच्या गोळीचंही त्यांनाच विचारा, परस्पर बंद करू नका.

वय ८१, पत्ता तोच
मी तुझ्या आईच्या बाजूने बोलणार, आधीच सांगते. माझ्या मुलाने माझ्यासाठी अकरा वस्तू आणल्या. सात माळ्यावर आहेत. घरात कॅमेरा लावलेला मला आवडेल का, हे त्याने विचारलंच नव्हतं.

पण मीही शहाणी नव्हते. तीन वर्षांपूर्वी पलंगाजवळच्या सतरंजीत पाय अडकून पडले. हाड मोडलं नाही, पण उठताच येईना. मोबाइल टेबलावर, मी खाली. दोन तास तो वाजताना बघत पडून होते. तेव्हापासून मोबाइल गळ्यातल्या पिशवीत असतो, अंघोळीच्या वेळीसुद्धा तो दाराच्या मुठीला अडकवत नाही, खाली पडले तरी हात पोचेल असा ठेवते. बाथरूमची आतली कडी काढून बाहेरून उघडता येणारं कुलूप बसवलं. सतरंजी स्वतःच्या हाताने गुंडाळली. (फार सुंदर होती. अजून वाईट वाटतं.)

जमिनीवरून उठायचं मला शिकवलं तेव्हा हसू आलं होतं. आधी कुशीवर वळायचं, मग रांगत भक्कम खुर्चीपाशी जायचं, हात बैठकीवर टेकायचे, जो पाय धड असेल तो पुढे घ्यायचा, वर आलं की वळून बसायचं. दुखत असेल तर मात्र हलायचं नाही, फोन करायचा. आणि शेजारणीशी ठरलंय: सकाळी आठपर्यंत माझा पडदा सरकला नाही, तर ती किल्ली घेऊन येते. कॅमेऱ्यापेक्षा हे बरं. तो पडदा मी सरकवते.

गुडघेदुरुस्ती
आजी, पडद्याची युक्ती आता माझ्या पेशंटना सांगणार. लेकीला एक राहिलंच: आईंचा चष्मा दोन नंबरांचा असेल तर पायऱ्या उतरताना खालच्या काचेतून कडा धूसर दिसते. चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा लागेल का, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मधली लेक
चाललो काल रात्री. तिचा हात दोनदा बेसिनच्या कडेवर गेला आणि एकदा थेट दारावर, जे उघडंच होतं! रक्तदाब आडवं असताना १४८, उभं राहिल्यावर १२२. गुरुवारची वेळ घेतली आहे. आजी, तुमचं उत्तर तिला वाचून दाखवलं. सतरंजीपाशी "बिचारी" म्हणाली, आणि पडद्याचं परत वाचायला लावलं. दांडे कुठे बसवायचे तिथे तिने स्वतः पेन्सिलीने खुणा केल्यात. मी दाखवलेल्या जागेपेक्षा चार बोटं खाली.