धुळ्याच्या होस्टेलवरून जळगावचा पीएस५: चित्र फुटतं, कधी कन्सोलच सापडत नाही

केळीबाग
पीएस५ (प्लेस्टेशन ५, गेमचा कन्सोल) जळगावला घरी, मी धुळ्याला होस्टेलवर. फोन अँड्रॉइड १३, कंट्रोलर ड्युअलसेन्स, ॲप पीएस रिमोट प्ले, म्हणजे घरच्या कन्सोलवरचा गेम नेटवरून फोनवर खेळायचं. संध्याकाळी ७ नंतर चित्र फुटतं, बटण दाबलं की अर्ध्या सेकंदाने उडी पडते. काही दिवस कन्सोल सापडतच नाही. आणि सुट्टीत घरी आलं की कंट्रोलर पीएस५ ला लागत नाही. घरी १०० एमबीपीएसचं नेट, राउटर हॉलमध्ये, कन्सोल मागच्या खोलीत वायफायवर. रेंज एक्स्टेंडर (वायफाय पुढे पोचवणारा डबा) घेऊ का?

तापीकाठ
एक्स्टेंडर नको भो. स्वस्तातले एक्स्टेंडर ज्या रेडिओवर सिग्नल घेतात त्यावरूनच पुढे सोडतात. वेग निम्म्यावर येतो आणि उशीर वाढतो तो वेगळाच. त्याऐवजी २० मीटर कॅट ६ (नेटची) केबल आण आणि राउटरपासून थेट कन्सोलला लाव. घर जुनं धाब्याचं, जाड भिंतींचं असेल तर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय दुसऱ्या भिंतीलाच गळपटतं.

१०० एमबीपीएस हा बहुतेक डाउनलोडचा आकडा असतो. चित्र तुझ्या घरातून बाहेर जातं, म्हणून घरचा अपलोड बघ. किमान ५ लागतो, १५ असला तर बरं. मोजायचं रात्री ८ला. दुपारी मोजून उपयोग नाही. त्याच वेळी होस्टेलचा डाउनलोडही मोज.

मग ॲपच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन ५४०पी कर. चित्र फुटणं थांबलं तर वेग कमी पडत होता. चित्र स्वच्छ आणि बटण तरी उशिरा, तर रिझोल्यूशन कमी करून काही होणार नाही, उशीर बहुधा वाटेत होतोय. धुळे-जळगाव जेमतेम ९० किमी, पण दोन्हीकडे वेगळ्या कंपनीचं नेट असेल तर डेटा मुंबईला वळसा घालून येऊ शकतो.

मोबाइल डेटावर खेळणार असशील तर हिशोब आधी कर: १५ एमबीपीएसने तासाला पावणेसात जीबी, ५ने सव्वादोन. रोजचा २ जीबीचा पॅक तासाच्या आत साफ.

भरीत_पुरी
कन्सोल न सापडण्याचं कारण बहुधा लाईट. सेटिंग्ज > सिस्टिम > पॉवर सेव्हिंग > रेस्ट मोडमधली फीचर्स इथे 'इंटरनेटशी जोडलेलं राहणे' आणि 'नेटवर्कवरून पीएस५ चालू करणे' हे दोन्ही चालू हवेत. पण लाईट गेली की रेस्ट मोड (कन्सोलची झोप) संपतो, आणि परत आली तरी पीएस५ आपणहून त्यात जात नाही, पूर्ण बंदच राहतो. बंद कन्सोल नेटवरून उठत नाही. मग घरी फोन करून बटण दाबायला सांगायचं, दुसरा इलाज नाही.

कंट्रोलरचं सोपं आहे. फोनला जोडताना क्रिएट आणि पीएस बटण एकत्र दाबून धरायचं, दिवा भराभर लुकलुकला की फोनच्या ब्लूटूथ यादीतून कंट्रोलर निवडायचा. परत पीएस५ला लावताना यूएसबी केबल जोडून पीएस बटण एकदा दाब. कंट्रोलरचं सॉफ्टवेअर नवं असेल तर तो ४ उपकरणं लक्षात ठेवतो, प्रत्येकाला चार आकारांच्या बटणांपैकी एक; मग केबल लागत नाही. आणि होस्टेलवर फोन ५ गिगाहर्ट्झवरच ठेव. ब्लूटूथ २.४वर चालतं, वायफायही तिथेच असेल तर दोघं एकमेकांच्या पायात येतात आणि कंट्रोलर मधूनच सुटतो.

केळीबाग
इन्व्हर्टर आहे, पण त्यावर फक्त पंखे आणि बल्ब. पीएस५ चालेल?

तापीकाठ
खेळताना साधारण २०० वॅट धर, तेवढी जागा इन्व्हर्टरवर हवी. मागे यूपीएस आणि नॉर्मल असा खटका असेल तर यूपीएसवर ठेव. नॉर्मलवर लाईट बदलायला वेळ लागतो, तेवढ्यात कन्सोल बंद पडू शकतो. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्याच लाईनवर घे, एक सुटला तरी खेळ थांबला.

मे महिन्यात मात्र जपून. पीएस५ ३५ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलाय, आणि आपल्याकडे बाहेर ४४ असतं. बंद कपाटात ठेवू नको. फोनचंही तेच: कव्हर काढ, खेळताना चार्जिंग नको, तापला की प्रोसेसर मंदावतो आणि तू नेटला शिव्या देतोस.

भरीत_पुरी
टीव्ही इन्व्हर्टरवर घेऊ नको. तो बंद असला तरी रिमोट प्ले चालतं.