न्यूट्रिनोचा बीम ऑप्टिमाइझ करायचा म्हणजे नक्की काय वाढवायचं?

एमएस्सी_इंदूर:
नमस्कार मंडळी, मी इथे खंडवा रोडच्या कॅम्पसला एमएस्सी फिजिक्स करतोय, सेमिनारला ड्यून (न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांवरचा अमेरिकेतला प्रयोग) घेतलंय. शिकागोजवळ फर्मीलॅबमध्ये बीम (कणांचा झोत) तयार होणार आणि 1300 किमी लांब साउथ डकोटात जमिनीखाली दीड किमीवर डिटेक्टर, इथपर्यंत कळलं. पण हॉर्नचं (बीम फोकस करणाऱ्या चुंबकाचं) डिझाइन जेनेटिक अल्गोरिदमने शोधलं असं वाचलं आणि तिथेच अडकलो. न्यूट्रिनोला चार्जच नाही तर फोकस कसला करायचा? आणि न्यूट्रिनो जास्त हवे असतील तर प्रोटॉनची पॉवर वाढवा की, अल्गोरिदम कशाला? गुरुवारी सेमिनार आहे, प्लीज सांगा.

पायॉनताई:
अरे, फोकस न्यूट्रिनोला करतच नाहीत, त्याच्या आईबापांना करतात. प्रोटॉन ग्रॅफाइटच्या टार्गेटवर आपटले की पायॉन नावाचे कण निघतात, त्यांना चार्ज असतो आणि ते मोडून न्यूट्रिनो होतात. हॉर्नमधून सुमारे 3 लाख अँपिअरचा पल्स सोडला की चुंबकीय क्षेत्र त्यांना सरळ वळवतं. व्हॅन डर मीर यांनी 1961 मध्ये सर्नला ही कल्पना मांडली. करंट उलटा केला की अँटीन्यूट्रिनोचा बीम मिळतो, सीपी व्हायोलेशन (न्यूट्रिनो आणि अँटीन्यूट्रिनो यांच्या वागण्यातला फरक) बघायला दोन्ही लागतात.

आता तुझा खरा प्रश्न. 1300 किमीला ऑसिलेशनचा, म्हणजे न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्यात बदलण्याचा, पहिला मॅक्सिमम अडीच जीईव्हीच्या (जीईव्ही हे एनर्जीचं एकक) आसपास येतो, दुसरा त्याच्या साधारण एक तृतीयांशवर. 20 जीईव्हीचे न्यूट्रिनो कितीही आले तरी ते त्या अंतरात फारसे बदलतच नाहीत, त्यांचा काय उपयोग? उलट ते डिटेक्टरमध्ये न्यूट्रल करंटची बॅकग्राउंड (सिग्नलसारख्या दिसणाऱ्या नको असलेल्या नोंदी) वाढवतात. पायॉनच्या एनर्जीतला जास्तीत जास्त 43 टक्के भाग न्यूट्रिनोला मिळतो, म्हणजे 6 जीईव्हीच्या आसपासचे पायॉन पकडायचे. असा पायॉन सरासरी 330 मीटर जाऊन मोडतो आणि पायॉन ज्यात मोडतात तो डिके पाइप आहे 194 मीटरचा. पाइप लांबवला तर पायॉन जास्त मोडतील हे खरं, पण म्यूऑनही (पायॉन मोडल्यावर न्यूट्रिनोसोबत निघणारे कण) जास्त मोडतील आणि त्यातून इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो येतात, नेमके जे आपल्याला ऑसिलेशनमधून शोधायचेत. शिवाय खोदकाम आणि शील्डिंगचा खर्च वेगळाच.

सिम्युलेशनवाला:
ताईंनी सांगितलंच, मी अल्गोरिदमचं सांगतो. हॉर्नची लांबी, आतल्या कंडक्टरची त्रिज्या, दोन हॉर्नमधलं अंतर, टार्गेटची लांबी, करंट, प्रोटॉनची एनर्जी, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, एक बदललं की बाकीच्यांचं बेस्ट पण सरकतं, त्यामुळे एकेक फिरवून बघण्यात अर्थ नाही. म्हणून प्रत्येक डिझाइनला एक जीव समजायचं, चांगल्यांचं संकर करायचं, थोडं म्यूटेशन टाकायचं. पण चांगलं कशावरून ठरवायचं? फ्लक्सवरून (किती न्यूट्रिनो येतात त्यावरून) नाही, सीपीच्या सेन्सिटिव्हिटीवरून, म्हणजे सीपी व्हायोलेशन किती नीट दिसेल त्यावरून! माझ्या मते सगळी अक्कल इथेच आहे. फर्मीलॅबच्याच आधीच्या न्यूमी बीमसारख्या दोन हॉर्नांवरून तीन हॉर्नांवर यायचं कारण हेच. पुढे इंजिनीअरचं चालतं, अॅल्युमिनियम तापणार किती, दर पल्सला हादरा किती बसणार, टार्गेट टिकेल का, ते नाही म्हणाले तर डिझाइन परत बदलायचं.

राजेंद्रनगर_काका:
पॉवर पण लागतेच बरं का. 1.2 मेगावॅटसाठी फर्मीलॅब पिप-टू हा 800 एमईव्हीचा सुपरकंडक्टिंग लिनॅक (सरळ रेषेतला कण-प्रवेगक) उभा करतंय आणि त्याच्या 650 मेगाहर्ट्झच्या कॅव्हिटी आणि सॉलिड स्टेट आरएफ अॅम्प्लिफायरच्या कामात आपलं इंदूरचं आरआरकॅट (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) आहे. सेमिनारमध्ये हे नक्की सांग, इंदूरच्या पोरांना कळायला हवं.

एमएस्सी_इंदूर:
काका, हे माहीतच नव्हतं, थँक्यू! ताई, एक शेवटचं, जपानचा टीटूके हा न्यूट्रिनो प्रयोग तर बीमच्या अक्षापासून अडीच अंश बाजूला डिटेक्टर ठेवतो, मग ड्यून सरळ समोर का?

पायॉनताई:
बाजूला गेलं की पायॉनची एनर्जी काहीही असली तरी न्यूट्रिनोची जवळपास सारखीच राहते, म्हणून बीम अरुंद होतो. 295 किमीला मॅक्सिमम 0.6 जीईव्हीला येतो, टीटूकेला तेवढंच हवंय. ड्यूनला दोन्ही मॅक्सिमम एकाच बीममध्ये बघायचेत, त्याला रुंद बीमच लागणार. बोर्डावर L/E चा (अंतर भागिले एनर्जी) ग्राफ काढ आणि त्याच्यावर दोन्ही बीमचे फ्लक्स टाक, सर लोकांचा पुढचा प्रश्न तिथूनच येईल.