काकापो दरवर्षी वीण का करत नाही
न्यूझीलंडचा काकापो हा पोपट एवढा जपूनही भराभर का वाढत नाही, तर मुख्य कारण रिमू नावाचं तिथलं झाड. त्याला २ ते ४ वर्षांतून एकदाच भरघोस फळं लागतात आणि तेव्हाच हे पोपट वीण करतात, नर रात्रभर खळग्यात बसून छाती फुगवून घुमत राहतो, पण पिल्लं मात्र मादी एकटीच वाढवते. ती खायला गेली की जमिनीवरचं घरटं उघडंच! त्यात उडता येत नाही, धोका जाणवला की जागीच थिजून बसायचं, वासावर येणाऱ्या स्टोट (मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी प्राणी) आणि मांजरांपुढे ते काय कामाचं? १९९५ ला फक्त ५१ उरले होते हो. आता शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर २०० च्या वर आहेत, खरंच भरून येतं.