नाशिकचं विज्ञान शिबिर: नामशेष प्राणी, सूचना हव्यात

नमस्कार मंडळी,
जूनमध्ये आपली अमेरिकेतली बरीच मुलं नाशिकला आजी-आजोबांकडे असतात. तेव्हा १२ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी तिथे नामशेष प्राण्यांवर शिबिर घ्यायचं ठरतंय. डायनासोरच्या फिल्म्स, मातीचे सांगाडे असं डोक्यात आहे. नाशिककरांनो, सुचवा.
– मंडळाची कार्यवाह

ताई,
कल्पना फार आवडली. पण टी-रेक्स मुलांना अमेरिकेतल्या म्युझियममध्ये भेटतोच. त्यासाठी नाशिक कशाला? आपले डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, त्यात सांगाडे कुठून मिळणार? हे पहिल्याच सकाळी पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर, काळ्या बेसाल्टला, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाला, हात लावून सांगा.

हाडं टिकली ती गोदावरीच्या गाळात, कितीतरी नंतरच्या काळातली. निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला आपण पक्षी बघायला जातो ना, तिथल्याच गाळात पॅलिओलोक्सोडॉन नामाडिकस या नामशेष हत्तीची कवटी सापडली. भूवैज्ञानिक गाय पिलग्रिम यांनी १९०५ साली त्यावर लिहिलं. थोराड नर खांद्यापाशी चार मीटरच्या वर जायचा. मैदानात चुन्याने त्याची पूर्ण मापाची आकृती काढायला लावा, आणि मुलांना तिच्या पोटात उभं करा!

दुसरा प्राणी शहामृग. हो, आपल्याकडचा! चाळीसगावजवळ पाटण्याला त्याच्या अंड्यांची कवचं मिळाली, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची. एका तुकड्यावर माणसाने आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरली आहे. कोंबडीच्या अंड्याचं कवच जेमतेम अर्धा मिलिमीटरही नसतं, शहामृगाचं दोनएक मिलिमीटर. म्हणून तर ते कोरता येतं. मुलांना नारळाच्या करवंटीवर तशी जाळी खिळ्याने कोरू द्या. हात दुखले की त्या कारागिराची किंमत कळेल.
– गंगापूर रोडचा काका

काका, हे सगळं घेतेच! चित्ताही घेऊ का?
– कार्यवाह

जरूर घ्या, आणि त्याला अख्खा दिवस द्या. भारतातून तो नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं आणि २०२२ साली नामिबियातले चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनो अभयारण्यात आणून सोडले. हत्ती आणि शहामृग का संपले यावर अभ्यासकांचे वाद आहेत. चित्त्याच्या बाबतीत शिकार आणि उजाड झालेली माळरानं समोर दिसतात. मुलांना दोन गट करून भांडू द्या: आफ्रिकेतला चित्ता आणला म्हणजे आपला परत आला का?

फक्त तारखा जूनच्या पहिल्या आठवड्यातल्या धरा. पाऊस लागला की नदीकाठ निसरडा होतो आणि गाळाचे थरही नीट दिसत नाहीत.
– काका