पित्त समजून रात्र काढू नये

छातीत तीव्र कळ आली नाही म्हणजे तो हृदयविकाराचा झटका नव्हेच, या मताला माझा ठाम आक्षेप आहे. मधुमेहींना, वयस्कर व्यक्तींना आणि स्त्रियांना अनेकदा नुसता दम लागतो, दरदरून घाम फुटतो, जबडा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग दुखतो, आणि घरात ‘पित्त झाले असेल’ म्हणत लिंबू-सोडा पाजून अख्खी रात्र काढली जाते, हे फार जिवावर बेतणारे आहे. ज्यांना आधीपासून हृदयविकार आहे त्यांनी, एरवी जिना चढताना छातीवर येणारे दडपण बसल्या जागी येऊ लागले तर सकाळची वाट पाहूच नये. डॉक्टरांनी दिलेली सॉर्बिट्रेटची (रक्तवाहिन्या सैल करणारी) गोळी जिभेखाली ठेवताना रुग्णाने बसलेले असावे, कारण तिने रक्तदाब एकदम उतरून भोवळ येऊ शकते. पाच मिनिटांत आराम पडला नाही तर १०८ वर फोन करावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नये. शिवाय पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लगेच घरी परतू नये. रक्तातील ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर वाढणारे प्रथिन) वाढायला काही तास लागत असल्याने, त्रास कायम असेल तर दोन्ही तपासण्या पुन्हा कधी करणार, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.