पोराच्या अंडकोषाला पीळ, सोनोग्राफीशिवाय ऑपरेशन?

चोपड्याहून लिहितोय. पोरगा १४ वर्षांचा. पहाटे ४ ला पोट दुखतंय म्हणून उठला, दोनदा ओकला. लाजेपायी खरी जागा सांगेना. आम्ही आपलं ओवा-मीठ दिलं. ७ ला कळलं. जळगावच्या सर्जननं तपासून थेट थेटरात नेलं. चांगली बाजूपण का शिवली?

धुळ्याचा सर्जन: बरोबर केलं, भाऊ. मांडीला आतून बोट ओढलं की वृषण वर सरकतं. पिळात बहुधा हलत नाही. ६ तासांत सोडवलं तर बहुतेकदा वाचतं, सोनोग्राफीच्या रांगेत तेच तास जातात. पीळ उलगडून गरम ओल्या कापडात ठेवतो. रंग परतला तर टाके, काळंच राहिलं तर काढतो. सैल लोंबायचा दोष बहुधा दोन्हीकडे असतो, म्हणून दुसरंही शिवतो.

पोराचा बाप: रंग परतला म्हणे. आजी अजून नजरच उतरवतेय.