कॉम्प्युटरची नऊ लिटरची केस, प्रोसेसर 95 डिग्रीवर. तिसरा फॅन लावू का?

टिळकवाडीकर
मंडळी, हौसेनं स्वतः केस डिझाइन केली आणि आता टेबलावर शेगडी घेऊन बसलोय.

माप 320 × 210 × 135 मिमी. मिनी-आयटीएक्स (छोट्या मापाचा) मदरबोर्ड, शेजारी एसएफएक्स म्हणजे लहान आकाराचा पॉवर सप्लाय, पाठीमागे रायझर (बोर्डाला जोडणाऱ्या) केबलवर आरटीएक्स 4060 ग्राफिक्स कार्ड. प्रोसेसर रायझन 5 7600, त्यावर 37 मिमीचा बुटका कूलर. जागा मात्र 47 ठेवली, पुढेमागे मोठा कूलर बसवता यावा म्हणून. पत्रा दीड एमएम अ‍ॅल्युमिनियम, बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, लेसरवर कापून घेतला. पहिला तुकडा बेंड मारतानाच तडकला, कारण मी शहाणपणा करून 6061 टी6 ही कडक जात दिली होती. मग मऊ जातीचा 5052 आणला, तो निमूट वाकला.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. एक्सपोर्ट लावला की चार मिनिटांत 95. खोलीत 33-34. वर 80 मिमीचे दोन फॅन हवा बाहेर फेकायला आहेत, त्यांनी दोन डिग्रीचाही फरक पडला नाही. खाली जागा आहे, तिसरा लावू का?

ड्रॉइंग बघून लेसरवाल्या अण्णानं विचारलं होतं, "गाळी एल्लिंद बरतैति?" म्हणजे वारा कुठनं येणार. मी झाकणावरची होल दाखवली. 3 मिमीचं होल, एका होलाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 5 चं अंतर. तो काही बोलला नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. ते बघणं आता आठवालंय.

अनगोळचा_काका
फॅन राहू दे रे. कूलरच्या बाजूचं झाकण काढ, तोच एक्सपोर्ट लाव आणि आकडा सांग.

टिळकवाडीकर
काका, 83!

अनगोळचा_काका
मग कूलरला कशाला बोल लावतोस. कूलर 37, जागा 47, मधे 10 एमएमची फट. झाकणातनं बाहेरची हवा ओढायची सोडून तो फॅन फटीतनं स्वतःचीच गरम हवा परत पितोय. उदबत्ती पेटव आणि झाकणाच्या होलांपाशी धर. धूर आत जायला पाहिजे. तुझा तिथंच घुटमळणार बघ.

10 ची फोमची पट्टी आण, फॅनच्या चौकटीवर चारी बाजूंनी चिकटव. झाकण बसलं की फोम किंचित दाबला गेला पाहिजे. मशीन चालू करायच्या आधी पातं बोटानं फिरवून बघ, फोमला घासत नाही ना. मी एकदा न बघता चालू केलं होतं. घरच्यांना वाटलं मिक्सर लावलाय.

निपाणीचा_पत्रेवाला
काका बरोबर आहेत, पण होलांचंही बघा की. 3 चं होल 5 च्या अंतरावर, तिरप्या ओळीत, म्हणजे उघडी जागा 33 टक्के. बाकी सगळा पत्राच. 5 चं होल 6 च्या अंतरावर घ्या, 63 टक्के होतंय. बेंडपासून 8-10 मिमी कोरी पट्टी सोडा, नाहीतर कडेची होलं बेंड मारताना लांबट होतात. आणि पावडर कोटिंग करणार असाल तर स्टँडऑफचे (बोर्ड ज्यावर बसतो त्या खुंट्यांचे) आटे झाकून द्या. रंग आत गेला की एम3 चा स्क्रू बसता बसत नाही.

माझ्या घरामागं तंबाखूची वखार आहे, त्यामुळं धुळीला मी नायलॉनची जाळी लावतो. तुम्ही 3 च्या होलांवर तसली जाळी लावू नका. आधीच बारीक नाकपुडी, त्यात बोळा.

खानापूर_92
बायोसमध्ये (मशीन चालू होताना उघडतात त्या सेटिंगमध्ये) पीपीटी, म्हणजे प्रोसेसरनं जास्तीत जास्त किती वीज ओढायची ती मर्यादा, 88 वॅट वरनं 65 वर आण. पैसा लागत नाही. आणि 95 ही त्या चिपची ठरवलेली मर्यादा आहे, तिथं पोचलं की ती स्वतःच वेग कमी करते. जळेल म्हणून घाबरू नको.

टिळकवाडीकर
करून बघितलं. उदबत्तीचा धूर होलातनं आत शिरला आणि कडेच्या होलातनं परत माझ्याच तोंडावर. आई आतनं ओरडली, "संध्याकाळ व्हायच्या आधी कसली रे उदबत्ती?"

फोम लावल्यावर 86. त्यावर पीपीटी 65 केल्यावर 77. अकरा मिनिटांच्या एक्सपोर्टला पाऊण मिनिट जास्त लागालंय, चालेल. वरचा एक फॅन काढला तरी आकडा तोच, म्हणून तो काढूनच ठेवला.

नवीन झाकणाचं ड्रॉइंग घेऊन आज उद्यमबागेत गेलो. 5 चं होल, 6 चं अंतर. अण्णानं मोजलं, म्हणाला एवढी होलं मारायला मशीन बराच वेळ अडकणार, दर दुप्पट. फोमवर 86 आलंय तर दुप्पट देऊ का, निपाणीकर?

निपाणीचा_पत्रेवाला
सगळीकडं कशाला मारताय? फॅनच्या तोंडासमोर 95 मिमीच्या गोलात तेवढीच होलं मारा, बाकी कोरा ठेवा. फोमच्या बाहेरची होलं तशीही कूलरच्या उपयोगाची नाहीत.